फवारणी पंप: सुटे भाग 2,320 चे, नवा 2,900 ला. काय करावं?

कास्तकार, आर्णी
16 लिटरचा बॅटरी पंप आहे, दोन हंगाम वापरलेला. चार्जरवर तासाभरात हिरवा दिवा लागतो, पण तिसऱ्या टाकीतच धार मरते. मधूनच मोटर बंद पडते, खटका दाबून-सोडून कधी सुरू होते, कधी नाही. दुकानदाराने पंप न उघडताच बॅटरी 1,150, मोटर 750, चार्जर 300, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर 120 असा हिशेब दिला. नवा 2,900 ला म्हणतो. पऱ्हाटीवर (कपाशीवर) तुडतुडे आहेत, फवारा थांबवता येत नाही. टाकी शाबूत आहे. नवाच घेऊ का?

वाइंडिंगवाला, दारव्हा
थांबा भाऊ, चारही भाग एकदम जात नसतात. आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावा.

पूर्ण चार्ज करून चार्जर काढा, दोन-तीन तास बॅटरी तशीच ठेवा. 12.7 व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे. मग टाकीत साधं पाणी घालून पंप चालवा आणि चालू असतानाच मोजा. 12 च्या थोडं खाली गेलं तर चालतं. 10.5 च्याही खाली कोसळलं तर आतल्या सहा सेलपैकी एखादा गेला समजा, ती बॅटरी बदलाच.

तासाभरात हिरवा दिवा हीच खूण आहे. 8 अँपिअर-अवरची (हे बॅटरीत किती करंट मावतो त्याचं माप) रिकामी बॅटरी छोट्या चार्जरवर भरायला पाच-सहा तास लागतात. प्लेटांवर सल्फेटचा थर बसला की ती करंट घेतच नाही, आणि चार्जरला वाटतं भरली.

मोटर मधूनच बंद पडते त्याला बहुतेक प्रेशर स्विच कारण. पंपाच्या डोक्यावर दोन वायरींचा छोटा डबा असतो तो, दाब वाढला की मोटर थांबवतो. गन उघडी ठेवून त्या दोन वायरी एकमेकींना जोडा. मोटर लगेच फिरली तर स्विच खराब. पण तशाच जोडून वापरू नका, गन बंद केल्यावर दाब वाढत जातो आणि पाइप निसटून औषध अंगावर येतं.

तरीही फिरली नाही तर मोटरला मोटरसायकलच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून थेट वायर द्या. तिथे फिरली तर मोटर चांगली, मग रेग्युलेटर बघा. 750 रुपये मोजायच्या आधी एवढं कराच. फिरते पण दाब देत नाही, असं असेल तर डायफ्राम (पाणी ढकलणारा रबरी पडदा) आणि व्हॉल्व्हचं किट सुटं मिळतं.

सुटे भाग, पुसद
बॅटरीसाठी पंपाच्याच कंपनीचा आग्रह नको. लांबी 15, रुंदी साडेसहा, उंची साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास मोजून घ्या, संगणकाच्या यूपीएसची 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची त्याच मापाची असते आणि बसते. जुनी परत दिली तर शिशाचे पैसे वजा होतात, मागून घ्या.

वाइंडिंगवाला, दारव्हा
बसते, पण ती लाइट गेल्यावर थोडा वेळ चालायला बनवलेली असते. रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते. फवारणी पंपासाठीची मिळत असेल तर तीच बरी. आणि लिथियमची टाकायची असेल तर चार्जरही तिचाच घ्या. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियम पॅकला लावणं म्हणजे घरात आग लावून घेणं.

कृषी केंद्र, दिग्रस
एका बाबतीत मात्र पैशाचा विचार करू नका. टाकीला चीर असेल, तळाची सील गळत असेल किंवा पाठीवर ओल येत असेल, तर एम-सील लावून तो पंप वापरू नका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली ते आपण पाहिलं आहे. विष कातडीतूनही आत जातं. गनचा वॉशर चार-पाच रुपयांचा, तो दर हंगामाला बदला. टाकीच फुटली असेल तर नवा पंप.

कास्तकार, आर्णी
मोजलं. ठेवल्यावर 12.6, चालू केल्यावर 9.8. स्विचच्या वायरी जोडल्या तर मोटर झटक्यात सुरू झाली. स्विच उघडला, आतल्या पत्र्यावर हिरवट गंज आहे. चार्जरचं टोक 14.1 दाखवतं. टाकी बाहेरून कोरडी आहे.

वाइंडिंगवाला, दारव्हा
मग बॅटरी आणि स्विच, बाकी काही नाही. गंज औषध झिरपून आला असेल, म्हणून नवा स्विच बसवताना खालची रबरी चकतीही बदला. लाल वायर प्लसलाच, आणि थिंबल (वायरीच्या टोकाची पकड) ढिलं असेल तर पक्कडीने हलकं दाबून घ्या, नाहीतर तिथेच तापतं.

नवी बॅटरी दुकानातच मोजून घ्या. मागच्या हंगामापासून पडून असली आणि 12.4 च्या खाली दाखवत असली तर घेऊ नका. नव्या पंपातही हीच बॅटरी येते, तेव्हा तोही असाच मोजावा लागला असता. तुरीची शेवटची फवारणी झाली की पंप धुऊन, पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावा. रिकामी बॅटरी टिनाच्या खोलीत टांगली की मे महिन्याच्या 45 डिग्रीत पेरणीपर्यंत मरते.

कास्तकार, आर्णी
तळाच्या जाळीत पांढरा गाळही सापडला, गंधकाच्या पावडरचा दिसतो.

सुटे भाग, पुसद
जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा, नोझलचं फिल्टरही बघा. पावडर थेट टाकीत टाकू नका, बादलीत कालवून कापडातून गाळून ओता.