केळ्यावरची चिलटं मुळात राहतात कुठे?
वर कुणीतरी विचारलंय की माणसाची घरंच नव्हती तेव्हा ही केळ्यावरची चिलटं राहायची कुठे. मस्त प्रश्न! मूळची ती आफ्रिकेतली, आणि २०१८ साली आलेल्या एका संशोधनात झिंबाब्वेच्या माटोबो भागातल्या रानात ती सापडली मारुला नावाच्या फळांवर, हे झाड आंब्याच्याच कुळातलं बरं का. तिथल्या गुहांत पूर्वी माणसं मारुला साठवायची, तेव्हाच ही ब्याद आपल्या मागे लागली असावी असा संशोधकांचा अंदाज. मला लगेच आमच्या दादरच्या घरातली मे महिन्यातली पेटी आठवली, तळाला पेंढ्यात एक हापूस देठापाशी काळा पडून पाणी सुटलेला आणि त्यावर लाल डोळ्यांची ही अख्खी पलटण. खरं तर त्यांना फळापेक्षा आंबलेल्या फळावरचं यीस्ट हवं असतं, अंडीही तिथेच घालतात, आणि आपल्या उकाड्यात दहाएक दिवसांत पुढची पिढी उडायला तयार. आसपास अळ्यांवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या दिसल्या तर मादी मुद्दाम जास्त दारू झालेली जागा निवडते, अळ्यांना ती झेपते, त्या परजीवींना नाही, आहे की नाही डोकं! बाकी चांगल्या दिसणाऱ्या आंब्यात अळी निघते ती ह्यांची नव्हे हां, ती मोठी फळमाशी वेगळी.