कॅल्शियम वाढलंय, मग नुसतं ‘ड’ जीवनसत्त्व पुरे नाही
ताईंनी त्यांच्या आईंच्या दुखण्याबद्दल इथे लिहिलंय; त्यावर जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात ‘ड’ कमी कसं होईल, असं एका भाऊंनी विचारलंय. अहो, त्या उन्हात बाहेर पडतं कोण? पडलं तरी रुमाल नि अंगभर कपडे. पण ताई, तुमच्या आईंचं वेगळं दिसतंय. अंगात त्राण नाही, हाडं ठणकतात, त्यात मुतखडा आणि रक्तातलं कॅल्शियम ११.४, म्हणजे वाढलेलं. याला वय म्हणून सोडू नका. नुसत्या ‘ड’च्या कमतरतेत कॅल्शियम वाढत नाही. अल्ब्युमिनसह (रक्तातलं एक प्रथिन) ते पुन्हा तपासा, सोबत पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक. तेही वाढलेलं असेल तर थायरॉइडमागच्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी बहुधा एकीत गाठ असते. ती सहसा कर्करोगाची नसते, शस्त्रक्रियेनं काढता येते. पीटीएच दबलेलं, म्हणजे कमी आलं तर कॅल्शियम वाढण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. मेडिकलवाल्यानं दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे मात्र डॉक्टरांना आजच विचारा.