फॉर्मोसॅनस की जेस्ट्रॉय? या दोन वाळव्या ओळखायच्या कशा?

वारूळवेडा:
मंडळी, कॉप्टोटर्मिस या वाळवीच्या प्रजातीतल्या या दोन जाती मला फोटोत तरी सारख्याच दिसतात. दोन्हीचे सैनिक पिवळसर डोक्याचे, दोन्ही चिडले की कपाळातून पांढरा चीक सोडतात, दोन्ही जमिनीतून मातीच्या नळ्या करत लाकडापर्यंत येतात. मग बघायचं नक्की काय? आणि ओळखून फायदा काय, औषध तर एकच ना?

भिंगवाला:
सैनिक मिळाला तर सोपंय. चीक येतो ते भोक डोक्याच्या पुढच्या टोकाला असतं, त्याच्या कडेचे केस मोज. फॉर्मोसॅनसला दोन्ही बाजूंना दोन-दोन म्हणजे ४, जेस्ट्रॉयला एकेक म्हणजे २. मायक्रोस्कोप लागेल, आणि केस गळलेलेही असू शकतात म्हणून एकावर निकाल देऊ नकोस, बरेच सैनिक बघ. कामकऱ्यांवरून मात्र नाद सोड, दिसण्यावरून काही कळत नाही.

सहापायी:
पंखवाल्या, म्हणजे जोडी जमवून नवी वसाहत करायला उडणाऱ्या वाळव्या मिळाल्या तर त्यांच्यावरूनही कळतं. जेस्ट्रॉयचं डोकं गडद तपकिरी, फॉर्मोसॅनस सगळीच पिवळट तपकिरी. फॉर्मोसॅनस मूळची दक्षिण चीन-तैवानकडची, थोडी थंडी सोसते, जेस्ट्रॉय आग्नेय आशियातली, तिला उष्ण हवाच मानवते. पण नुसत्या ठिकाणावरून ठरवू नका, तैवान, हवाई आणि दक्षिण फ्लोरिडात दोन्ही आहेत. आणि हो, जुन्या लेखांत हॅविलँडी नाव दिसलं तर ती जेस्ट्रॉयच, हे लक्षात ठेवा नाहीतर तिसरीच जात समजून बसाल.

वारूळवेडा:
दोन्ही एकाच गावात असतील तर संकर नाही का होणार?

भिंगवाला:
होतो ना, मला तर यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. फ्लोरिडात दोघींचे उडायचे दिवस एकमेकांवर यायला लागले आणि जेस्ट्रॉयचे नर स्वतःच्या माद्या सोडून फॉर्मोसॅनसच्या माद्यांमागे जाताना दिसले, २०१५ मध्ये त्यावर पेपर आला, लॅबमध्ये त्या जोड्यांच्या वसाहती जोमाने वाढल्या. त्यामुळे दोन्ही असलेल्या भागात शंका आली तर डीएनएच करावा.

औषधाचं म्हणशील तर काइटिन, म्हणजे अंगावरचं कडक कवच ज्याचं असतं तो पदार्थ, बनणं थांबवणारं आमिष दोघींवर चालतं, कात टाकतानाच मरतात. फरक पडतो तो लक्ष कधी ठेवायचं यात, कारण फ्लोरिडात जेस्ट्रॉय साधारण फेब्रुवारीपासूनच उडते आणि फॉर्मोसॅनसचा जोर एप्रिल ते जूनमध्ये असतो, म्हणजे जात चुकली की तपासणीची वेळही चुकते.