प्रतिसाद: रॉकी हॉरर घरी बघू नका

'सिनेमा रटाळ आहे, दर ऑक्टोबरात एवढा गाजावाजा कशाला?' असं कुणीतरी 'रॉकी हॉरर'बद्दल विचारलंय. घरी सोफ्यावर बसून बघितला तर रटाळ वाटणारच. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा गाण्यांनी भरलेला विनोदी भयपट 1975 मध्ये अमेरिकेत साफ आपटला होता. त्याला वाचवलं ते 1976 पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात लागलेल्या मध्यरात्रीच्या खेळांनी.

तिथे प्रेक्षक पडद्याशी हुज्जत घालायला लागले. सुरुवातीला लग्न लागतं तेव्हा तांदूळ उधळायचे (अक्षताच म्हणा!). पुढे पावसात नायिका जॅनेट डोक्यावर वर्तमानपत्र धरते, की अख्खं थिएटर पेपर डोक्यावर घेतं आणि मागच्या रांगेतून पाण्याच्या पिचकाऱ्या सुरू. पडद्यासमोर हौशी मंडळी तोच प्रसंग हुबेहूब करत असतात, ते वेगळंच. झाडलोटीला वैतागून काही थिएटरांनी तांदळावर बंदी घातली, तेही बरोबरच.

गंमत म्हणजे कथा हॅलोविनला (31 ऑक्टोबरची, चित्रविचित्र वेश करून फिरायची रात्र) घडतच नाही, नोव्हेंबर अखेरची आहे. पण सिनेमातल्या नायकासारखे फिशनेट (जाळीदार) मोजे घालून नि भडक लिपस्टिक लावून पुरुषाने बिनधास्त रस्त्यावरून जावं, अशी रात्र वर्षातून दुसरी कुठली? उत्तरार्ध ढिला आहे, हे मात्र मान्य. त्या नायकाच्या भूमिकेत टिम करी नसता तर कठीण होतं.