विषय: समलिंगी जोडप्यांच्या नात्याला मान्यता – सोलापुरातील कामाला मंडळाची साथ

सभासदहो, सस्नेह नमस्कार.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. आता जे करायचे ते समाजात आणि संसदेत. आपल्यापैकी अनेकांचे माहेर-सासर सोलापूरचे आहे. समलिंगी जोडप्यांसाठी तेथे चालणाऱ्या कामासाठी सिडनीतील आपल्या मंडळाने निधी उभारावा, असा माझा प्रस्ताव आहे. सोलापूरकरांनी मत कळवावे.

कार्यकारिणी सदस्य, सिडनी

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपली कळकळ पोचली, परंतु सुरुवात निधीने करू नये, अशी माझी विनंती आहे. परदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यानुसार अशा निधीसाठी केंद्राकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. सोलापुरात हे काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटाकडे यातले काहीच नाही आणि बाहेरच्या पैशावर चाललेले काम असा शिक्का एकदा बसला, की विडी कामगारांच्या वस्तीत आम्हाला कोणी उभे करणार नाही.

आघाडी मात्र तेथूनच बांधायला हवी. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांची १०,००० घरे उभी राहिली, ती तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या बायका डोक्यावरच्या छपरासाठी एकत्र लढल्या म्हणून. आपल्या पश्चात घर कोणाचे, पैसे कोणाला मिळणार, हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने पत्रक काढून स्पष्ट केले, की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास वा एकमेकांना नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. तरीही येथील एका शाखेत दोन मुलींचा अर्ज नात्याच्या रकान्यापाशी अडला. मी पत्रकाची छापील प्रत टेबलावर ठेवली, साहेबांनी ती दोनदा वाचली आणि मगच शिक्का उमटला. प्रत्येक जोडप्याबरोबर अशी प्रत घेऊन जाणारे कोणीतरी असले पाहिजे, आणि ते काम विडी कामगारांच्या युनियनच्या कार्यकर्त्या, वकील व निवृत्त बँक कर्मचारी मिळून करू शकतात. रेशनकार्डाचेही तसेच.

मंडळाचे काम वेगळे आहे. समलिंगी विवाहाविषयीच्या २०१७ च्या टपाली मतदानात ऑस्ट्रेलियाने ६१.६ टक्के होकार दिला, पण आपली इतकी माणसे जेथे राहतात त्या सिडनीतील पॅरामॅटा मतदारसंघात सुमारे ६२ टक्के मते विरोधात पडली. तेव्हा आपण आपल्याच घरांत, आपल्या भाषेत या विषयावर किती बोललो होतो? मंडळाच्या कौटुंबिक सभासदत्वाच्या अर्जावर आजही ‘पती’ आणि ‘पत्नी’ एवढेच रकाने आहेत. ते येत्या सर्वसाधारण सभेत बदलावेत. ज्यांनी आपल्या मुलाचे किंवा मुलीचे असे नाते मनापासून स्वीकारले आहे, त्या आई-वडिलांनी येथील आई-वडिलांशी बोलावे, कारण आमच्याकडे घाबरलेले पालक पुष्कळ आहेत आणि त्यांना वकिलापेक्षा समवयस्क माणसाचा धीर अधिक लागतो.

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी जे येणार आहेत, त्यांनी महिलांच्या बैठकीसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. तेलुगू बोलणारे कोणी असल्यास आधी कळवावे.

आपला,
मंडळाचा जुना सभासद, सोलापूर