मुलांची खेळातली मोठी दुखापत आणि आपण पालक : आपापले अनुभव लिहावेत

कबड्डीवाली आई

काल संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या एका आईने मला जिन्यातच थांबवले. तिच्या हातात एमआरआयचे मोठे पाकीट होते. अहवालात गुडघ्यातल्या लिगामेंटबद्दल, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याबद्दल, लिहिलेल्या एका ओळीवर बोट ठेवून ती विचारत होती, "ताई, यात लिगामेंट पूर्ण फाटले आहे असे लिहिले आहे. म्हणजे याचे खेळणे संपले का?" तिचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि फुटबॉल खेळतो. मी तिला घरात बसवले, चहा दिला, पण ती बोलत असताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्या मुलीचा २०१८ सालचा गुडघा उभा राहिला. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि सतरा वर्षांखालील विभागीय शालेय स्पर्धेत खेळत होती. चढाई करून परतताना तिने उजवा पाय मॅटवर रोवला, मध्यरेषेकडे वळली आणि कोणीही धरलेले नसताना खाली बसली. आत काहीतरी काडकन तुटल्यासारखे झाले, असे तिने नंतर सांगितले. घरी पोहोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला होता. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसले, मुका मार आहे असे सांगण्यात आले, आणि आम्ही तीन आठवडे शेकत, पट्टी बांधत काढले. शाळेचा जिना उतरताना गुडघा सटकला आणि ती पडली, तेव्हा कुठे एमआरआय झाला आणि तिचेही लिगामेंट तुटले आहे हे कळले.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, हे सारे व्यवस्थित पार पडले. चूक माझ्याकडून झाली ती सहाव्या महिन्यात. जिल्हा संघाच्या निवड चाचणीची तारीख आली होती. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, राज्य स्तरावर खेळल्याचे प्रमाणपत्र हाती असले तर पुढे उपयोगी पडेल, असे घरात रोज बोलले जात होते, आणि सर्वांत जास्त मीच बोलत होते. मी तिला विचारले, "दुखते का?" ती "नाही" म्हणाली, आणि त्या एका शब्दावर विसंबून मी तिला चाचणीला घेऊन गेले. त्यानंतर महिन्याभरात सरावाच्या वेळी तोच गुडघा पुन्हा गेला. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड झाली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असे काही घडले असेल, त्यांनी कृपया लिहावे. मुलाला कसे सांगितले, परत खेळायला सोडण्याचा निर्णय कोणी घेतला, आणि मधल्या महिन्यांत घरात काय चालले होते, हे समजले तर शेजारच्या आईलाही वाचून दाखवता येईल.

नगरची रेवती नदी

ताई, तुमचे लेखन वाचताना माझे हात थरथरत होते, कारण आम्ही सध्या दुसऱ्या महिन्यात आहोत. मुलगी हँडबॉल खेळते. मला मोठ्या गोष्टींपेक्षा लहान गोष्टींनीच हैराण केले आहे. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि शाळेत भारतीय पद्धतीचेच शौचालय आहे. गुडघा तितका वाकत नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही, हे मला परवा तिच्या मैत्रिणीकडून कळले. यावर कोणी काही उपाय केला असेल तर कृपया सांगावा.

फिजिओ, पुणे

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे गुडघे रोज हाताखालून जातात, म्हणून मूळ लेखातल्या त्या "नाही"बद्दल लिहिते. तुमची मुलगी खोटे बोलली नव्हती. तिला खरोखरच दुखत नव्हते.

या शस्त्रक्रियेत बहुधा मांडीच्या मागची किंवा गुडघ्याच्या पुढची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, घेऊन ती हाडात केलेल्या बोगद्यातून ओवून लिगामेंटच्या जागी बसवली जाते. बसवली तेव्हा तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर तिला हळूहळू आपलेसे करते, आणि पहिल्या काही महिन्यांत ती बसवल्या दिवसापेक्षाही नाजूक होते. नेमक्या त्याच काळात सूज उतरलेली असते, कळ थांबलेली असते आणि मूल जिना पळत उतरू लागलेले असते. पालकांना वाटते की गाडी रुळावर आली, आणि आत मात्र दोरी कच्ची असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवरच्या एका अभ्यासात असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेले. म्हणून आम्ही नऊ महिन्यांच्या आत होकार देत नाही, आणि नऊ महिने झाले एवढ्यावरही देत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजतो, एका पायावर लांब उडी मारायला लावतो, आणि दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरला तरच पुढे बोलतो.

मुलींमध्ये हे लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच जास्त आहे. वळताना आणि उडीवरून उतरताना गुडघा आत झुकू न देण्याचा सराव त्यांना लहानपणापासून द्यायला हवा. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला '११+' हा साधारण २० मिनिटांचा सरावक्रम यासाठीच आहे. तो करायला यंत्रसामग्री लागत नाही. शाळेच्या मैदानावर तो का होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रेवतीताई, मुलीला पाणी पिऊ द्या. खाली चाके नसलेली, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. ती शाळेत ठेवण्याची परवानगी मागा.

ठाण्याचे बाबा

आमच्याकडे गुडघा नव्हता, कंबर होती. मुलगा चौदा वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा. पाठीत खाली, डाव्या बाजूला दुखते असे तो दोन महिने सांगत होता आणि मी त्याला मलम चोळत होतो. मागे वाकले की कळ येते, हे त्याने तीनदा सांगितले होते. मला ते आज शब्दशः आठवते, कारण तिन्ही वेळा मी "वाढीचे वय आहे" असेच उत्तर दिले होते. एमआरआयमध्ये कंबरेच्या मणक्याला केसासारखी चीर दिसली.

त्या रात्री मी त्याच्या वह्या आणि सामन्यांची धावपत्रके घेऊन बसलो आणि त्याने किती षटके टाकली ते मोजू लागलो. शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि अकादमीचे नेट अशा तीन ठिकाणी तो गोलंदाजी करत होता. प्रत्येक ठिकाणच्या प्रशिक्षकाला फक्त आपल्याकडची षटके माहीत होती. तिन्हींची बेरीज ज्या एकाच माणसाला करता आली असती, तो मी होतो, आणि मी ती कधी केली नव्हती. एका आठवड्याची बेरीज ५८ षटके निघाली, त्यात नेटमधले चेंडू धरलेले नव्हते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, ५ आणि दिवसाला १० षटके, तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ६ आणि १२ षटके अशी मर्यादा घातली होती, हे मी फार उशिरा वाचले.

पाच महिने त्याने चेंडू हातात धरला नाही. संघाबरोबर मात्र तो जात राहिला आणि धावपत्रक लिहीत राहिला. हे प्रशिक्षकांनी सुचवले होते, आणि त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. आता आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर एक कागद लावलेला असतो, त्यावर तो रोज रात्री टाकलेले चेंडू लिहितो आणि रविवारी बेरीज मी करतो.

कागलकर

मी शेतकरी आहे. मुलगा कोल्हापुरात तालमीत राहत होता. एकोणिसाव्या वर्षी कुस्तीत ढाक हा डाव लावताना त्याचा उजवा खांदा निखळला. तालमीतल्याच जाणत्या माणसाने तो बसवला, आणि दहा दिवसांत मुलगा पुन्हा आखाड्यात उतरला. त्यानंतर वर्षभरात तो खांदा आणखी चार वेळा निखळला, आणि मला यातले काहीही ठाऊक नव्हते. शेवटच्या वेळी झोपेत कूस बदलतानाच निखळला, तेव्हा त्याच्या जोडीदाराने मला फोन केला.

डॉक्टरांनी सांगितले की या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता फार मोठी असते, कारण खोबणीच्या कडेची गादी फाटून सुटलेली असते, आणि ती शिवल्याशिवाय खांदा जागेवर ठरत नाही. उपचार झाले, खांदा आज चांगला आहे. परंतु मला लिहायचे आहे ते वेगळेच. मी त्याला विचारले की तू मला का सांगितले नाहीस. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "आबा, तुम्ही माझ्या खुराकासाठी म्हैस विकली होती." दूध, तूप, बदाम यांसाठी मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो आणि गावात चार जणांत ते अभिमानाने सांगत होतो. ते सांगणे त्याच्या कानावर जात होते, आणि त्या ओझ्याखाली तो निखळलेला खांदा लपवत होता. आपण मुलांसाठी काय सोडले हे मुलांसमोर कधीही बोलू नये, एवढीच माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे.

रेवती नदी

कागलकर काका, तुमचे लिहिलेले मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवले. आम्ही रात्री मुलीसमोरच शस्त्रक्रियेच्या खर्चाचा हिशोब करत होतो. आजपासून तो हिशोब तिच्यासमोर होणार नाही.

फिजिओताई, खुर्चीचे आजच विचारते.

सांगलीहून

माझ्या मुलीची शस्त्रक्रिया २०२२ मध्ये झाली, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाचे उदाहरण देत असे. उदाहरण खरे आहे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत तिच्या गुडघ्याचे लिगामेंट दुखावले, आणि जूनमध्ये विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिने डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या. पुढच्या सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. लोक हे प्रेमाने सांगत होते, पण माझ्या मुलीने त्यातून पाच महिने एवढाच आकडा उचलला. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक रेघ मारायला सुरुवात केली. पाच महिने पूर्ण झाले त्या दिवशी तिला अजून पुरते उकिडवे बसता येत नव्हते. ती दिनदर्शिकेसमोर उभी राहून रडली, आणि तिला कसे समजवावे हे मला सुचले नाही.

देशाच्या संघातल्या खेळाडूमागे दिवसभर उपचार करणारी माणसे असतात. माझी मुलगी आठवड्यातून दोनदा रिक्षाने जात होती आणि उरलेले व्यायाम दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून करत होती. धीर देण्यासाठी मोठ्या खेळाडूंची नावे जरूर घ्यावीत, पण महिन्यांचा आकडा सांगू नये. नंतर आम्ही ती दिनदर्शिका काढून एक वही केली. त्यात दिवस न मोजता आज काय जमले ते ती लिहीत असे. "मांडी घालून जेवले" हे वाक्य ज्या पानावर आहे, ते पान तिने दुमडून ठेवले आहे.

मल्लखांब आई

रेवतीताई, शाळेला लेखी अर्ज द्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तोंडी सांगून काही होत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी अर्ज मिळाल्यावर आठ दिवसांत पूर्ण वर्ग तळमजल्यावर आणला होता. माझ्या मुलीचे कोपराचे हाड दहावीच्या जानेवारीत मोडले, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवून तिला परीक्षेत लेखनिक मिळाली, ती नववीतली मुलगी होती. हे सर्व मागावे लागते, आपणहून कोणी देत नाही.

हाड सहा आठवड्यांत जुळले, भीती मात्र वर्षभर राहिली. ती दोरीच्या मल्लखांबावर जात असे. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोरी धरून वर चढणे हे तिला चालण्याइतके सहज होते. परत गेल्यावर ती दोरीला हात लावून नुसती उभी राहत असे आणि घरी येत असे. मी पहिले दोन आठवडे "काही होत नाही, चढ" असे म्हणत होते. मग तिच्या शिक्षकांनी मला शांतपणे बाहेर बसायला सांगितले. त्यांनी दोरीची गाठ जमिनीपासून हातभर उंचीवर घेतली, खाली दोन गाद्या घातल्या आणि तिला फक्त बसायला शिकवले, जसे सहा वर्षांच्या मुलीला शिकवतात. ती पुन्हा वरपर्यंत गेली, तो दिवस मी पाहिला नाही, आणि आता वाटते की मी तिथे नव्हते म्हणूनच ती गेली असावी.

विदर्भातून एक आई

आमच्या घरात डॉक्टरांपेक्षा नातेवाईकांनी जास्त छळले. "पोरीच्या गुडघ्यावर टाके, उद्या लग्नाचे काय," हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तिच्या खाटेजवळ बसून विचारला गेला. मुलाच्या बाबतीत कोणी असे बोलले असते असे मला वाटत नाही. त्या रात्री मी पाहुण्यांना जेवायला वाढले, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊ नका असे स्पष्ट सांगितले. आयुष्यात प्रथमच एवढे बोलले.

कबड्डीवाली आई

सर्वांचे मनापासून आभार. फिजिओताई, ती खोटे बोलली नव्हती हे तुमचे वाक्य मी तिला पाठवले. इतकी वर्षे तिला वाटत होते की आपण आईला चुकीचे सांगितले म्हणून गुडघा गेला, आणि मला वाटत होते की मी चुकीचे विचारले. आज दुपारी आम्ही दोघी फोनवर यावर पहिल्यांदाच बोललो. ती आता कबड्डीची पंच आहे, आणि सामना सुरू होण्याआधी गुडघ्याला पट्टी बांधून आलेल्या मुलीला ती हमखास बाजूला घेऊन विचारते, पण "दुखते का" असे विचारत नाही. "एका पायावर उडी मारून दाखव" असे म्हणते.

शेजारच्या आईला हा धागा वाचून दाखवला. मुलाची शस्त्रक्रिया लगेच नाही. आधी सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, असे त्यांना सांगण्यात आले आहे. पुढच्या महिन्याची निवड चाचणी सोडायला त्याचे वडील तयार झाले आहेत. आमच्या माळ्यावर जुना वॉकर आणि पाय ठेवायचा उंच पाट आहे, ते उद्या सकाळी खाली काढून त्यांच्याकडे पोहोचवते.