सेरोटोनिन हिप्पोकॅम्पसमध्ये ‘दमन’ करते की ‘उत्तेजन’?

प्रश्न : सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये संदेश नेणारे रसायन आणि हिप्पोकॅम्पस हा मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग. एका लेखात वाचले, ‘सेरोटोनिन हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींचे दमन करते.’ दुसऱ्या ठिकाणी त्यालाच उत्तेजक म्हटले आहे. यातले बरोबर काय? की सरळ ‘नियमन करते’ असे लिहावे?

उत्तर : ‘नियमन’ चूक नाही, पण त्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. क्रियापद सेरोटोनिनवरून ठरत नाही, सेरोटोनिन कोणत्या ग्राहीला (पेशीवरील, त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटले यावरून ठरते. हिप्पोकॅम्पसच्या सीए१ या भागातल्या पिरॅमिडल पेशींवर (संदेश पुढे नेणाऱ्या मुख्य पेशींवर) ५-एचटी१ए ग्राही भरपूर असतात; ‘५-एचटी’ म्हणजे सेरोटोनिनच. ते सक्रिय झाले की पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, धनभार बाहेर जातो आणि पेशी सहजी संदेश सोडत नाही. इथे ‘दमन’ नेमके बसते. त्याच पेशींवरचे ५-एचटी४ ग्राही मात्र एका स्पंदानंतर (पेशीने सोडलेल्या विद्युत संदेशानंतर) येणारी मंदी कमी करतात, त्यामुळे पुढचा स्पंद लवकर निघतो. ते ‘उत्तेजन’.

खरी गफलत ५-एचटी३मुळे होते. हे ग्राही मुख्यतः काही आंतरचेतापेशींवर असतात, आणि त्या पेशींचे कामच इतरांना आवरण्याचे. सेरोटोनिनने त्यांना चेतवले की शेजारच्या पिरॅमिडल पेशी गप्प होतात. म्हणून वाक्यात कर्म हवेच : कोणाचे उत्तेजन, कोणाचे दमन. नुसते ‘हिप्पोकॅम्पसचे दमन’ लिहू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

एकच शब्द हवा असेल, तर मी ‘कल बदलणे’ सुचवेन. मेंदूच्या स्तंभातील राफे केंद्रकांतून (सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींच्या समूहांतून), विशेषतः मधल्या केंद्रकातून, तंतू हिप्पोकॅम्पसमध्ये पसरतात. त्यांतले काही थेट आंतरचेतापेशींशी जोडलेले असतात आणि झटपट संदेश देतात. पण बरेचसे सेरोटोनिन आसपास झिरपते आणि त्याने पेशींचा प्रतिसाद देण्याचा कल पालटतो. हिप्पोकॅम्पसमधील डेंटेट गायरस, सीए३, सीए१ या भागांच्या साखळीतून जाणारा मूळ संदेश प्रामुख्याने ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचाच असतो.

आणखी एक मत : ‘कल’ पटला. त्याच वेळी ‘आनंदाचे संप्रेरक’ हा प्रयोगही सोडावा. संप्रेरक रक्तातून प्रवास करते. आतड्यात तयार होणारे सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचे बनवतो. नावातही आनंद नाही. १९४८ साली हा पदार्थ रक्तरसातून (सीरममधून) वेगळा केला, तो रक्तवाहिन्या आकुंचित करणारा म्हणून; ‘सीरम’ आणि ‘टोन’ (ताण) यांवरून नाव पडले. मेंदूत तो आढळल्याचे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. मी ‘संप्रेरक’ऐवजी ‘चेतापारेषक’ (चेतापेशींमध्ये संदेश नेणारे रसायन) वापरतो.